शिसपेन्सिलीची तारीख

"मॅडम, आमच्या उसाचा नंबर कवा?"

एकोणतीस हंगाम हा एकच प्रश्न मी ऐकला. दिवाळीपासून होळीपर्यंत. हळदीकुंकवाला गेले तर वाण घेता घेता कुणीतरी कानाशी लागायचं. दवाखान्यात सलाईन लावलेल्या माणसानं विचारलेलं आहे. एकदा मयताच्या घरी भेटायला गेले, तर थोरल्या मुलानं मला दारापर्यंत पोचवायला येऊन हळूच विचारलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. नोंद वडिलांच्या नावावर होती आणि नंबर चार दिवसांवर आला होता.

माझं माहेर कराड तालुक्यातलं, सासर वाळवा तालुक्यात नदीकाठी. १९९६ साली साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात क्लार्क म्हणून लागले आणि २०२५ च्या मार्चमध्ये हंगामाबरोबर माझीही नोकरी संपली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. कराडहून खाली वाळव्याकडं निघालं की कृष्णेच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, त्यातली कुठलीही आमची समजा.

'नियोजन' हा शब्द आमच्या खात्यात कुणी तोंडानं उच्चारत नसे. तो वार्षिक अहवालात असायचा. आम्ही म्हणायचो 'कार्यक्रम'. तोडणीचा कार्यक्रम लागला, कार्यक्रम हलला, कार्यक्रम कोलमडला. माझ्याआधीपासून एक पद्धत होती, ती आमच्या शेतकी अधिकारी साहेबांनी घालून दिलेली. रजिस्टरात शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख शाईनं लिहायची. तोडीची तारीख शिसपेन्सिलीनं. पहिल्या आठवड्यात मी सगळंच शाईनं लिहिलं, अक्षर चांगलं म्हणून. साहेबांनी रजिस्टर उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही देवाशी बोलून आलेल्या दिसताय."

हिशोब कागदावर अगदी सरळ असतो. रोज पाच हजार टन गाळप, दीडशे दिवसांचा हंगाम, म्हणजे साडेसात लाख टन ऊस. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती दिवसाला दीड टनाच्या आसपास तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते. दहा कोयत्यांची एक टोळी धरली तर पंधरा टन. म्हणजे रोज सव्वातीनशेच्या वर टोळ्या फडात उतरलेल्या पाहिजेत. तुटलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर वजनही घटतं आणि साखरही. ऊस जास्त आला तर ट्रॅक्टरांची रांग केनयार्डातून रस्त्यावर येते आणि ऊस उन्हात वाळतो. कमी आला तर 'नो-केन', मिल थांबते. रात्री दोनला मिल थांबली की पहिला फोन शेतकी खात्यात येतो आणि त्या फोनवर कुणी 'नमस्कार' म्हणत नाही.

क्रम लागायचा लागणीच्या तारखेनं. आधी आडसाली, मग पूर्वहंगामी, मग खोडवा आणि सुरू. त्यात जातीचा हिशोब वेगळा. को ८६०३२ साखर चांगली धरते. फुले २६५ टनेज देते, खारवट रानातही येते, पण हंगामाच्या तोंडाला तोडली तर साखरेचा उतारा देत नाही. दोन्ही जाती आपल्याकडं रुजवल्या त्या आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या, फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं. शेतकऱ्याला मात्र उताऱ्याशी देणंघेणं कमी, वजनाशी जास्त. कारखान्याचं उलट. माझं रजिस्टर या दोघांच्या मधे पडलेलं.

बी. कॉम.ला आम्हाला व्यवस्थापन होतं. 'व्यवसाय पर्यावरणाचे घटक स्पष्ट करा' हा दहा गुणांचा हमखास प्रश्न. आर्थिक, राजकीय, सामाजिक, तांत्रिक, नैसर्गिक. मी पाचही घटक पाठ करून साडेआठ गुण मिळवले होते. हेन्री फेयॉलचं नावही तेव्हाच पाठ केलं. हा माणूस फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीत आयुष्य घालवलेला इंजिनीअर, हे मात्र पुस्तकात एका ओळीत उरकलं होतं. १९१६ साली त्यानं व्यवस्थापनाची कामं मांडली आणि त्यात पहिलं नियोजन. दहा-दहा वर्षांचे अंदाज बांधायचे, आणि बांधून झाले तरी ते मधूनमधून दुरुस्त करायचे, असं तो सांगायचा. आम्हाला पहिली गोष्ट शिकवली, दुसरी नाही. खाणीतल्या माणसाला पेन्सिलीचं महत्त्व कळलं असणार.

ऑफिसात मात्र पर्यावरण घटकवार यायचं नाही. ते गेटातून आत यायचं, सगळं एकदम. गुळाला दर चढला की नोंदलेला ऊस गुऱ्हाळावर जायचा. कुणी बेण्याला विकायचा. माण-खटावकडं दुष्काळ पडला की चाऱ्याला जायचा. झोनबंदी उठल्यापासून हुशार माणसं एकाच उसाची दोन कारखान्यांत नोंद करायची; ज्याची टोळी आधी येईल त्याला ऊस. दोष तरी कसा द्यायचा? उसाला तुरे आले, टोळीचा पत्ता नाही, तर माणूस दोन दारं ठोठावणारच. आमचे अंदाजही साजूक नव्हते. नोंदी घ्यायला फिरणारा आमचा माणूस, चिटबॉय, बांधावर उभा राहून 'एकरी पन्नास टन' लिहायचा आणि ऊस आत शिरल्यावर पस्तीस भरायचा.

दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊस परिषद व्हायची, दराचं आंदोलन पेटायचं. वाहतूक अडवली की फडात तुटलेला ऊस तिथंच. मुकादम उचल घेऊन गायब झाले की टोळीच नाही. एका हंगामात आमच्या भागात अशा टोळ्यांची यादी दोन पानं झाली होती. आणि ज्या टोळ्या आल्या त्यांची खुशाली, ड्रायव्हरची एंट्री. रजिस्टरात याला रकाना नसतो, पण कुणाचा ऊस कधी तुटतो हे त्यावरही ठरतं, हे प्रत्येकाला ठाऊक. मी ऑफिसात बसून नंबर लावायचे आणि फडात तो नंबर कोंबडीवर आणि पाचशेच्या नोटेवर हलायचा.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते.

नोकरीला बारा-तेरा वर्षं झाली होती. घरचा दोन एकर ऊस, नंबर २२ डिसेंबरला. मालकांनी जेवताना विचारलं, "आठ दिवस अलीकडं घेता येतंय का बघ की. गहू टाकायचाय." मामंजी शेजारीच जेवत होते, ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी खोडरबर घेतलं, २२ पुसलं, १४ लिहिलं. कुणी विचारलंच तर 'वाट' हे कारण सांगायचं ठरवलं. आमच्याकडं ते खरं कारण असतं. मागच्या रानातला ऊस बाहेर काढायचा तर पुढचं रान आधी मोकळं व्हावं लागतं. आमच्या रानाला मात्र थेट पाणंद होती. हे मला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, फक्त रजिस्टरला ठाऊक नव्हतं.

१४ तारीख होती बांधाला बांध लागून असलेल्या आक्कांची. नवरा गेलेला, दीड एकर ऊस, मुलगा पुण्यात कंपनीत. आठ दिवसांनी काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं. टोळी आमच्या रानात उतरली, चार दिवसांत रान मोकळं झालं. त्याच रात्री मुकादमाच्या घरात कुणी वारलं. निम्मी टोळी गावाकडं गेली, उरलेली माणसं दुसऱ्या गटाला जोडली. आक्कांचा ऊस तुटला ९ जानेवारीला. गहू टाकायचे दिवस गेले होते. आक्का चिटबॉयला बोलल्या, मुकादमाला बोलल्या, नशिबाला बोलल्या. मला काही बोलल्या नाहीत, कारण त्यांना माहीतच नव्हतं. उलट माझ्याकडं येऊन म्हणाल्या, "तू हाईस म्हणून निदान जानेवारीत तरी गेला गं."

मामंजींना मात्र कळलं. शिकलेले नव्हते, पण गावातल्या लागणी त्यांच्या डोक्यात असायच्या, कुणाची आधी, कुणाची मागून. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "सूनबाई, आपला नंबर आक्काच्या आधी होता का मागं?" मी म्हटलं, "मागं होता, मामा." त्यांनी हात धुतले आणि उठून गेले. चैत्रात आमचा गहू निघाला तेव्हा दोन पोती आक्कांच्या घरी पोचली. कुणी दिली, का दिली, यावर घरात एक शब्द झाला नाही. साहेबांपाशी मी हे कधीच कबूल केलं नाही, तेही इथं लिहून टाकते.

पुढच्या हंगामापासून रजिस्टरात मी एक रकाना वाढवला. पट्टीनं रेघ मारून वर लिहिलं, 'कारण'. तारीख पुसायची तर शेजारी शाईनं कारण लिहायचं: पाऊस, वाट, मशीन बिघाड, टोळी पळाली, शेतकऱ्याची विनंती, संचालकांचा फोन. शेवटचं कारण पाहून साहेब हसले, "हे पण शाईनं?" मी म्हटलं, "हो." पहिल्या वर्षी ते कारण बरंच दिसलं. पुढं फोन येतच राहिले, पण "लिहून ठेवते, साहेब" म्हटलं की थोडे आखडायचे. नंबर हलायचा थांबला असा दावा करणार नाही. पण कुणाचा कितीनं आणि कशापायी हलला, हे पानावर दिसायला लागलं, आणि माझ्यापुरतं खोडरबर जड झालं.

त्या रकान्याचा खरा कस लागला २०१९ ला. जून-जुलैत कार्यक्रम नेहमीसारखा तयार होता. त्याच उन्हाळ्यात माणमध्ये चारा छावण्या चालू होत्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोयनेतून लाखाच्या वर क्युसेकनं पाणी सुटलं, खाली सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ ची. बोरगाव, बहे, नवेखेड, जुनेखेड, शिरगाव, नदीच्या अंगाची सगळी शिवारं पाण्यात. आमचंही रान गेलं. पाणी उतरल्यावर मामंजींबरोबर बांधावर गेले. ऊस उभा होता, रंग मात्र मातीचा. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या सुरळीत, गाळ बसलेला, हात लावला तर पोंगा अलगद हातात आला आणि त्याला नासलेल्या पिठाचा वास. काही दिवसांनी कांड्यांच्या डोळ्यांतून पांगशा फुटल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ऊस सावरला. कोयत्यानं उभा चिरला की आत लाल रेषा.

ऑफिसात कुणीतरी म्हणालं, गेला यंदाचा कार्यक्रम, फेकून द्या. साहेब निवृत्त झाले होते. नवे अधिकारी तरुण, कोल्हापूरच्या शेतकी कॉलेजातून आलेले. ते म्हणाले, "फेकायचा कशाला? कुणाची कधी लागण, कुठली जात, किती क्षेत्र, हे तरी पुरानं नेलं नाही ना?" आम्ही गावांचे नकाशे टेबलावर पसरले आणि चिटबॉयांना एकच प्रश्न देऊन पाठवलं: पोंगा बुडाला की वर राहिला? बाकी काही विचारायचं नाही. नुकसान किती, हे विचारलं असतं तर प्रत्येकानं शंभर टक्के सांगितलं असतं, आणि सांगायचा हक्कही होता. पोंग्याचं उत्तर मात्र डोळ्यांनी दिसणारं. पोंगा वर राहिलेला ऊस जगणार होता, बुडालेला दिवसागणिक घटणार होता. नकाशावर लाल पेन्सिलीनं रेघ निघाली. तिच्या खालचा सगळा ऊस आधी, लागणीची तारीख काहीही असो.

याचा सरळ अर्थ, माळावरच्या आडसालीवाल्यांनी थांबायचं. ज्यांचा नंबर हक्कानं पहिला होता ते मागं. त्यात गाळपाची तारीखच ठरेना. गाळप कधी सुरू करायचं हे मंत्री समिती ठरवते, आणि त्या नोव्हेंबरात मंत्रीच नव्हते. निवडणूक होऊनही सरकार बसेना, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. 'राजकीय पर्यावरण' मी दहा गुणांच्या उत्तरात लिहिलं होतं, पण ते पुरात सडणाऱ्या उसाला असं येऊन भिडेल असं काही सुचलं नव्हतं. या लांबलेल्या दिवसांचा एक उपयोग झाला. गावोगाव देवळात बैठका घेता आल्या.

एका बैठकीचं सांगते. माळावरचं गाव, देवळाचा सभामंडप भरलेला. अधिकाऱ्यांनी नकाशा भिंतीला लावून सांगितलं, पूर का, पोंगा काय, आधी कुणाचा. आरडाओरड झाली. "आम्ही काय पाप केलं, आमचा माळ वर हाय म्हणून?" एकजण तरातरा निघूनही गेला. मग मागच्या खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे उठले. फेटा, हातात काठी. म्हणाले, "नदीकडच्यांचा आधी न्या. त्यांचं वाटोळं झालंय, आमी बघितलंय. माझा नंबर मागं गेला, समजलं. पर किती मागं? तारीख सांगा."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टर उघडलं. आधीची तारीख होती ५ डिसेंबर. लाल रेषेखालचं क्षेत्र, हातातल्या टोळ्या, दिवस, असा हिशोब तिथंच जोत्यावर बसून केला आणि सांगितलं, "३ फेब्रुवारी." मंडप एकदम शांत झाला. दोन महिने. म्हातारे म्हणाले, "लिवून द्या." चिठ्ठी लिहून दिली. मग ओळ लागली, प्रत्येकाला तारीख पाहिजे होती. रात्री साडेअकरापर्यंत मी चिठ्ठ्या लिहीत होते. दोन महिने थांबायला माणसं तयार होती. 'बघू', 'कळवू', 'लागेल नंबर' यावर मात्र एक दिवस थांबायला कुणी तयार नव्हतं.

त्या म्हाताऱ्यांच्या रानात टोळी उतरली ६ फेब्रुवारीला. आठवड्यानं ते ऑफिसात आले, टेबलावर हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंढी ठेवली आणि चिठ्ठी पुढं सरकवली. "तीन दिवस चुकलात," म्हणाले. मी कारण दाखवलं: ट्रॅक्टर बिघडला, टोळीतली एक बाई बाळंत झाली. त्यांनी शेजारच्या माणसाकडून ते वाचून घेतलं आणि विचारलं, "पोरगा का पोरगी?"

नंतरची वर्षं भराभर गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर, या वेळी लाल रेघेचा नकाशा तयार होता, दोन ठिकाणी सरकवावी लागली एवढंच. २०२३ च्या डिसेंबरात केंद्रानं रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली, आठवड्यानं थोडी ढील दिली; त्यात आमच्यापेक्षा वरच्या मजल्यावरच्यांची झोप उडाली. आम्हाला झळ लागली ती बिलांची. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ च्या आदेशापासूनचा नियम, पण ज्याचं बिल लांबतं तो आदेश वाचत बसत नाही, फोन करतो.

माझा शेवटचा हंगाम २०२४ चा. गाळपाला १५ नोव्हेंबरपासून परवानगी आणि विधानसभेचं मतदान २० तारखेला. बीडकडच्या मुकादमांनी आधीच सांगितलं होतं, मतदान करूनच निघणार. यात राग येण्यासारखं काही नव्हतं. सहा महिने गाव सोडून राहणाऱ्या माणसाला गावात कुणी मोजतं ते त्या एकाच दिवशी. आम्ही पहिल्या आठवड्याचा कार्यक्रम स्थानिक टोळ्यांवर आणि दोन तोडणी मशिनींवर लावला, गाळप निम्म्यावर धरलं. वरून विचारणा झाली, क्षमता पाच हजारांची असताना कागदावर अडीच हजार का? रकान्यात मी लिहिलं, 'मतदान'.

आता मी बांधाच्या या बाजूला आहे. मामंजी गेले, ऊस माझ्या नावावर नोंदलाय. रजिस्टर बंद झालं. सगळं मोबाईलवर. चिटबॉय रानाच्या कडेनं चालतो, क्षेत्र आपोआप मोजलं जातं, नंबर लागला की मेसेज येतो. चांगलंच आहे ते. खोडरबराला तिथं जागाच नाही. मला मेसेज आला, तोड ११ तारखेला. मी कॅलेंडरवर खूण केली, वाढे न्यायला दूधवाल्याला सांगून ठेवलं, रोटरवाल्याला सांगितलं. नऊ तारखेला दुसरा मेसेज आला. तोड १७ तारखेला.

चिटबॉयला फोन लावला. मीच कामावर घेतलेला पोरगा.

"अरे, सहा दिवस मागं कशानं गेला?"

"सिस्टीमनंच टाकलंय, मॅडम."

"कारण काय दाखवतंय?"

"कारणाचा रकाना न्हाई त्यात."

"मग तू सांग."

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "मशीन अडकलंय, मॅडम. पलीकडच्या गावात. बांधालगतच्यानं रात्रीचं पाणी सोडलं, ते फडात आलं. अर्धं चाक गाळात हाय."

"कुणाच्या रानात?"

त्यानं नाव सांगितलं. त्या बाईंचा नंबर माझ्या आधी होता. मी बरं म्हटलं, कॅलेंडरवरची ११ पुसली, १७ लिहिली आणि दूधवाल्याला फोन लावला.